परभाषेतला धडा, स्वभाषेतले शहाणपण
(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात तेव्हा पुष्कळ लिहिले व बोलले गेले. तो वाद आजच्या व्याख्यानाचा विषय नव्हे. आपली मुले इंग्रजी वाचतात, हे वास्तव आपल्यासमोर आहे. ती काय वाचतात आणि वाचलेले त्यांच्या मनात कोणत्या भाषेत उतरते, हा आजचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी नैसर्गिक आपत्तीवरील उतारा हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. एखादी कविता किंवा सहलीचे वर्णन विद्यार्थ्याला नीट कळले नाही, तर परीक्षेतले दोन गुण जातात. आपत्तीविषयीचा धडा कळला नाही, तर त्याची किंमत कधी काळी प्राणांनी चुकवावी लागते.

इंग्रजीच्या तासाला लागलेला दिवा

लाफ्काडिओ हर्न हे नाव मराठी वाचकांना फारसे परिचित नाही. १८५० साली ग्रीसमधील एका बेटावर जन्मलेला, आयरिश पित्याचा हा पुत्र १८९० मध्ये जपानला गेला. मात्सुए या गावी तो इंग्रजीचा शिक्षक झाला. पुढे त्याने जपानी नागरिकत्व घेतले आणि कोइझुमी याकुमो या नावाने तो त्या देशाचाच झाला. १८९६ साली जपानच्या सानरिकु किनाऱ्यावर त्सुनामीने सुमारे २२ हजार बळी घेतले. त्यानंतर हर्नने इंग्रजीत एक कथा लिहिली. टेकडीवर राहणारा एक वृद्ध पाहतो की, भूकंपानंतर समुद्र मागे हटतो आहे. खाली गावकरी उत्सवाच्या तयारीत दंग. ओरडून सांगण्याइतका वेळ नाही. तो आपल्या कापणी झालेल्या भाताच्या गंज्यांना, म्हणजे आपल्या कोकणात ज्यांना उडव्या म्हणतात त्यांना, स्वतःच्या हाताने आग लावतो. आग विझवायला सारे गाव टेकडीवर धावत येते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खालचे गाव लाटेखाली जाते.

ही कथा ज्याच्यावरून सुचली तो पुरुष खरा होता. त्याचे नाव हामागुची गोर्यो. २४ डिसेंबर १८५४ च्या त्सुनामीत हिरो या गावातील लोकांना वाचवण्यासाठी त्याने भाताच्या पेंढ्या पेटवल्या होत्या.

आजच्या विषयाच्या दृष्टीने या कथेचा पुढचा प्रवास अधिक महत्त्वाचा आहे. त्याच परिसरातील त्सुनेझो नाकाई नावाच्या तरुणाने शिक्षकाचे प्रशिक्षण घेत असताना हर्नची ही इंग्रजी कथा वाचली. आपल्या शेजारच्या गावची हकीकत त्याला भेटली ती परक्या भाषेत! ती त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे तो प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. १९३४ साली जपानच्या शिक्षण खात्याने पाठ्यपुस्तकांसाठी लेखन मागवले, तेव्हा त्याने ती कथा लहान मुलांना समजेल अशा साध्या जपानीत लिहून पाठवली. ती स्वीकारली गेली आणि १९३७ ते १९४७ अशी दहा वर्षे जपानच्या पाचवीच्या भाषापुस्तकात राहिली. ‘इनामुरा नो ही’ हे तिचे नाव. अर्थ, भाताच्या गंजीची आग. २००४ च्या त्सुनामीनंतर भारतासह आशियातील अनेक देशांत या कथेच्या पुस्तिका निघाल्या. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली जागतिक त्सुनामी जागृती दिनासाठी ५ नोव्हेंबर हा दिवस निवडला, तोही याच घटनेच्या स्मरणार्थ. जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे ती तिथी अकराव्या महिन्याची पंचमी होती.

मित्रहो, या साखळीकडे लक्षपूर्वक पाहावे. एका इंग्रजी शिक्षकाने लिहिले. इंग्रजी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने वाचले. त्याने ते आपल्या भाषेत आणून आपल्या मुलांच्या हाती दिले. परभाषेच्या अध्ययनाचे याहून मोठे सार्थक कोणते असू शकेल? आपत्तीवरचा इंग्रजी धडा पूर्ण झाला असे केव्हा म्हणावे, याचे उत्तर नाकाईच्या या उदाहरणात आहे. विद्यार्थी तो धडा आपल्या घरच्या भाषेत घरच्या माणसांना सांगू शकला, की तो पूर्ण झाला.

उतारा वाचण्यापूर्वी

आपल्या वर्गात असा उतारा बहुधा कसा शिकवला जातो? शिक्षक मोठ्याने वाचतात. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर येतात. मुले ते वहीत उतरवतात. मग प्रश्नोत्तरे. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे लिहायचे, ही विद्या मुलांना लवकर साधते. उत्तर बरोबर येते आणि अर्थ मात्र डोक्यावरून निघून जातो. यात शिक्षकांचा दोष कमी आणि पद्धतीचा अधिक आहे.

यासाठी पहिली सूचना अशी की, पुस्तक उघडण्यापूर्वी दहा मिनिटे मराठीत बोलावे. समजा, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवरचा उतारा आहे. फळ्यावर हिंदी महासागराचा कच्चा नकाशा काढावा. सुमात्रा कोठे, अंदमान-निकोबार कोठे, नागपट्टणम कोठे, हे मुलांकडून दाखवून घ्यावे. नकाशाशेजारी घड्याळ काढावे. सुमात्राजवळ समुद्रतळाशी ९.१ प्रतीचा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजत होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचल्या त्या त्यानंतर सुमारे दोन तासांनी. हिंदी महासागरात तेव्हा पूर्वसूचनेची व्यवस्था नव्हती. सुमारे २ लाख ३० हजार माणसे गेली. त्यात १० हजारांहून अधिक भारतीय होती.

मग एकच प्रश्न विचारावा : ‘या दोन तासांत काय करता आले असते?’ हा प्रश्न डोक्यात घेऊन मूल उताऱ्यात शिरले, की त्याचे वाचन बदलते. ते शब्द मोजत बसत नाही. ते उत्तर शोधू लागते. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदिन’, ‘अन्टिल’ हे क्षुल्लक वाटणारे शब्द आता त्याला महत्त्वाचे वाटू लागतात, कारण घड्याळाचे काटे त्या शब्दांवर फिरत असतात.

शब्दांची पारख

दुसरी सूचना शब्दांविषयी. नवे शब्द पंचवीस देऊ नयेत. सहा-सात द्यावेत, पण ते पारखून द्यावेत. ‘त्सुनामी’ हाच शब्द घ्या. जपानीत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. खोल समुद्रात ही लाट होडीखालून निघून जाते आणि कोळ्याला तिचा पत्ताही लागत नाही. उथळ किनाऱ्यापाशी आल्यावर ती उंचावते. म्हणून तिचे नाव बंदराशी जोडलेले. इंग्रजीत तिला पूर्वी ‘टायडल वेव्ह’ म्हणत. त्याचे भाषांतर कोणी ‘भरतीची लाट’ असे केले, तर मुलाची फसगत होते. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते. ती वेळापत्रकाने येते आणि वेळापत्रकाने जाते. त्सुनामीला पंचांग नसते. एका चुकीच्या प्रतिशब्दाने संपूर्ण कारणमीमांसा कशी बिघडते, हे मुलांना यातून समजते.

दुसरे उदाहरण रोजच्या व्यवहारातले. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. त्याच्या सूचनांत तीन इंग्रजी शब्द येतात : ‘वॉच’, ‘अलर्ट’ आणि ‘वॉर्निंग’. ‘वॉच’ म्हणजे घडामोडींवर लक्ष ठेवा. ‘अलर्ट’ म्हणजे किनाऱ्यापासून दूर राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे किनारा सोडून उंच जागी जा. भारतीय हवामान विभागाच्या रंगांचा क्रमही असाच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. आपण मात्र तिन्ही शब्दांना ‘इशारा’ म्हणून मोकळे होतो आणि वृत्तपत्रे सर्रास ‘रेड अलर्ट’ छापतात! दक्षता, सज्जता आणि स्थलांतर या तीन वेगळ्या अवस्था आहेत. मराठीतही त्या तीन शब्दांनीच सांगितल्या पाहिजेत. विद्यार्थ्यांनी वर्गात बसून या तीन इंग्रजी शब्दांसाठी तीन मराठी शब्द मुक्रर करावेत. हा भाषेचा अभ्यासही आहे आणि लोकशिक्षणही.

तिसरा प्रकार आणखी सूक्ष्म. ‘मे’, ‘ऑफन’, ‘ऑलवेज’ या शब्दांकडे विद्यार्थी काणाडोळा करतात. ‘समुद्र अनेकदा मागे हटतो’ आणि ‘समुद्र नेहमी मागे हटतो’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २००४ साली थायलंडच्या किनाऱ्यावर पाणी आधी ओसरले; श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते आधी चढत आले. ‘पाणी मागे गेलेले नाही, म्हणजे भय नाही’ असा निष्कर्ष जो काढील, त्याने ‘ऑफन’ या एका शब्दाकडे दुर्लक्ष केलेले असेल. व्याकरणाचा तास इतका जिवंत दुसऱ्या कोणत्या उताऱ्यात होईल?

कर्मणी प्रयोगामागे दडलेला कर्ता

आपत्तीच्या इंग्रजी बातम्यांत कर्मणी प्रयोग फार. माणसे ‘मारली गेली’, घरे ‘गाडली गेली’, गावे ‘वाहून नेली गेली’. प्रयोग बदलण्याचा सराव म्हणून शिक्षक ही वाक्ये वापरतात, ते योग्यच आहे. पण त्याच वेळी ‘कशाने?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

यासाठी आपल्या मातीतली घटना समोर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. इंग्रजी वाक्य म्हणेल : ‘भूकंपात हजारो लोक मारले गेले.’ कशाने? धरणी हलली हे खरे. पण जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड, सांधा न धरणाऱ्या भिंतींनी आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे थर चढवलेल्या मातीच्या जड माळवदांनी. भूकंपाचा धक्का थांबवणे माणसाच्या हाती नाही. घर कसे बांधावे हे त्याच्या हाती आहे. कर्ता सापडला, की उपाय सापडतो. हे ज्या मुलाला कळले, त्याला कर्मणी प्रयोग तर कळलाच, शिवाय आपत्ती ही केवळ दैवाची करणी नसते हेही कळले.

आकड्यांचेही असेच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाक्य मुले घडाघडा वाचतात. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती, असे विचारले की वर्ग गप्प होतो. एका मुलाला फूटपट्टी घेऊन भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर रेघ मारायला सांगावी. पाणी वाहून गेले नसते, जिरले नसते, तर एका दिवसात ते या रेघेपर्यंत चढले असते. पाचवीतल्या मुलाच्या कमरेच्या वरपर्यंत! तो आकडा मग त्या मुलाला जन्मभर विसरता येत नाही.

दुःखाचे भान

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. वर्गातील एखाद्या मुलाने पुरात घर गमावलेले असते. एखाद्याच्या घरातले माणूस दरडीखाली गेलेले असते. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावे आपल्याला बातमीतली वाटतात. कोणासाठी ती घरची नावे असतात. असा उतारा घेण्यापूर्वी शिक्षकाने वर्गाची माहिती घ्यावी आणि उद्या काय वाचणार हे आदल्या दिवशी सांगावे. आधी दूरची घटना घ्यावी, मग जवळची. ‘तुम्ही तेथे असता तर तुम्हाला काय वाटले असते?’ या विषयावर निबंध लिहायला लावण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी ‘तुम्ही कोणाला मदत केली असती आणि कशी?’ असे विचारावे. भीतीला कृतीची वाट मिळाली, की मुलाचे मन सावरते. ज्या मुलाला बोलायचे नसेल, त्याला गप्प बसण्याचा अधिकार असावा.

कथा आणि वस्तुस्थिती

वरच्या वर्गांत आणखी एक पाऊल पुढे टाकता येते. हर्नची कथा आणि प्रत्यक्ष इतिहास शेजारी ठेवून वाचावेत. कथेतला नायक वृद्ध आहे. खरा गोर्यो तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होता. कथेतला भूकंप मंद आहे; प्रत्यक्षातला जबर होता. कथेत लाट येण्यापूर्वी आग लागते. प्रत्यक्षात पहिला तडाखा बसून गेल्यावर अंधारात चाचपडणाऱ्यांना उंच जागेची दिशा दाखवण्यासाठी ती लावली गेली. आणि कथेत जे नाहीच ते सर्वांत मोठे आहे. संकट ओसरल्यावर गोर्योने स्वतःचा पैसा घालून गावकऱ्यांकडून सुमारे ५ मीटर उंचीचा आणि ६०० मीटर लांबीचा बांध बांधून घेतला. चार वर्षे हे काम चालले. उद्ध्वस्त गावाला मजुरी मिळाली, गाव सोडून जाणारी माणसे थांबली. १९४६ साली पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. आग लावण्याचा प्रसंग एका रात्रीचा. बांधाचे काम चार वर्षांचे. सेवेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. आपत्तीच्या रात्री धावून जाणारे हात पुष्कळ असतात. पुढची चार वर्षे टिकून राहणारे थोडे.

मुलांनी दोन्ही वृत्तांत वाचून फरकांची यादी करावी. कथाकाराने बदल का केले असतील, याची चर्चा करावी. विवेकाने वाचणे म्हणजे काय, हे येथे उमगते.

घरच्या भाषेत पोहोचलेले ज्ञान

आता मूळ मुद्द्याकडे. सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. १९०७ साली तेथे त्सुनामीने हाहाकार केला होता. त्या बेटावरच्या लोकांनी ती आठवण ‘स्मोंग’ या आपल्या बोलीतल्या एका शब्दात साठवली. आजी-आजोबांनी गाण्यांतून आणि गोष्टींतून ती नातवंडांना दिली : धरणी जोराने हलली आणि समुद्र मागे गेला, तर डोंगराकडे पळा. २००४ साली लाटा तेथे काही मिनिटांतच पोहोचल्या. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर मृत्यू झाले अवघे सात. कोणतेही यंत्र नव्हते, भोंगा नव्हता. होता तो मातृभाषेतला एक शब्द.

त्याच दिवशी थायलंडच्या फुकेत बेटावरील माय खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आई-वडिलांसह फिरत होती. समुद्र फेसाळतो आहे, पाणी वर येतच आहे, मागे जात नाही, हे तिने पाहिले. दोन आठवड्यांपूर्वीच भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीविषयी शिकले होते. तिने आई-वडिलांपाशी हट्ट धरला, इशारा सर्वांपर्यंत पोहोचला, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसे वाचली. ती मुलगी आपल्या मातृभाषेत शिकलेली होती. म्हणून धड्यातले वाक्य आणि डोळ्यांसमोरचा समुद्र यांच्यामध्ये तिला भाषांतराची पायरी चढावी लागली नाही.

आपल्या मुलांना ती पायरी चढावी लागते. म्हणून ती पायरी शाळेतच पक्की बांधून दिली पाहिजे. इंग्रजीतले वाचन मराठीत आल्याखेरीज त्याला हातपाय फुटत नाहीत.

पंचतंत्रातील तीन मासे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘उद्या या तळ्यावर जाळे टाकू’ हे कोळ्यांचे बोलणे कानी पडले. अनागतविधाता त्याच रात्री तळे सोडून गेला. प्रत्युत्पन्नमतीने ऐन वेळी मेल्याचे सोंग करून जीव वाचवला. यद्भविष्य ‘जे व्हायचे ते होईल’ म्हणत जाळ्यात सापडला. शब्द एकच होते. एकाने त्यांचा अर्थ वेळेत कृतीत आणला. आपल्या वर्गातून बाहेर पडणारे मूल यांपैकी कोणता मासा होईल, हे धडा कसा शिकवला गेला यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे परक्या देशांचे विषय आहेत असे मानू नये. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा कच्छपासून मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. आणि दरडी, महापूर व वादळे तर आपण दर पावसाळ्यात अनुभवतो आहोतच.

तेव्हा पालक आणि शिक्षक यांच्यासाठी एकच गृहपाठ. आपत्तीवरचा इंग्रजी उतारा शिकवून झाला, की त्या रात्री मुलाने तो घरी, जेवणाच्या वेळी, आजी-आजोबांना मराठीत सांगावा. पुस्तक जवळ नसावे. काय घडले, का घडले, कोणत्या खुणा आधी दिसल्या, आणि आपल्या गावात तसे झाले तर कोणत्या वाटेने कोठे जायचे, या चार गोष्टी त्यात याव्यात. आजीने मध्येच प्रश्न विचारावेत. आज्यांना ते शिकवावे लागत नाही! ज्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता आले नाही, तो दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात विचारावा. इंग्रजीच्या परीक्षेत या गृहपाठाला गुण नाहीत. पण हिरो गावची हकीकत परक्या भाषेतून परत आपल्या मुलांपर्यंत आणणारा त्सुनेझो नाकाई अशाच गृहपाठातून घडतो. आपल्या वर्गांतही असे नाकाई बसलेले आहेत. त्यांना धडा नीट वाचायला शिकवणे आणि तो आपल्या भाषेत सांगायची सवय लावणे, एवढे काम आपल्याकडे आहे.